स्कीच्या जोडीचं उद्यापन

स्की भाड्याने घेताना त्या कोणत्या वारी उपास करतात, हे आधी विचारून घ्यावं. लांबी, रुंदी, रंग हे सगळं त्यानंतर. आमच्या कुमुदवन्सं रंगावर गेल्या, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या वर्षी आमचे हे न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यांच्या खाटेसमोर एक कॅलेंडर होतं. त्यावर बर्फाच्या डोंगराच्या माथ्यावर बसलेली हिमानीमाता. त्या वेळी समोर तीच होती, म्हणून तिलाच बोलले, "आई, हे घसरून पडले. यांना चालायला लागू दे. मी तुझी ओटी भरीन आणि तुझ्या डोंगरावरून घसरत खाली येईन, न पडता." हे शेवटचे दोन शब्द भरात बोलून गेले. पण बोललं ते बोललं.

हे काठी घेऊन चालायला लागले. मग आम्ही दोघं आणि यांच्या थोरल्या बहीण कुमुदवन्सं, अशी तिघं सहलीबरोबर हिमाचलात निघालो. हिमानीमातेच्या डोंगराच्या पायथ्याशी एकच दिवस मुक्काम होता आणि तो नेमका सोमवार.

स्कीचं दुकान प्रेमसिंगचं. महाराष्ट्रातल्या सहली येऊन येऊन तो मराठी छान बोलतो. मी भिंतीला लावलेल्या एका निळ्या जोडीला हात लावला, तर म्हणाला, "ताईजी, हिचा आज सोमवार आहे."

"आणि ती पिवळी?"

"तिचाही. या भिंतीवरच्या सगळ्यांचा सोमवारच. मागे सोलापूरच्या बायकांची सहल आली होती. इथे बसून त्यांनी सोळा सोमवारची कहाणी वाचली. या सगळ्या ऐकत होत्या."

स्कीचं खाणं म्हणजे मेण. तळव्यांना मेण चोळलं की त्या ते पितात आणि मग बर्फावर पळतात. उपासाच्या दिवशी मेण घेत नाहीत. ते वरच्या वर राहतं, भुगा होऊन पडतं, आणि स्की बर्फावर जागची हलत नाही. यात त्यांचं काही चुकत नाही. उपाशीपोटी माझ्याच्यानेही पळवत नाही.

"उपास न करणारी जोडी नाही का एखादी?" वन्संनी विचारलं.

होती. शर्यतीची, लालभडक, वन्संच्याही वर हातभर उंच. प्रेमसिंग म्हणाला, "नव्या माणसाला हनुवटीपर्यंतची घ्यावी, बाईजी. लांब जोडी ऐकत नाही. आणि ही तर देवालाही मानत नाही."

"मला कुठे तिच्याकडून आरती म्हणवून घ्यायची आहे," वन्सं म्हणाल्या आणि ती घेतली. शिवाय डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या लिफ्टचा दिवसभराचा पासही घेतला. मला म्हणाल्या, "मालन, तू बस उपाशी लाकडांशी गप्पा मारत."

मी कोपऱ्यातली एक जुनी जोडी पाहिली. आखूड, रुंद, रंग उडालेली, टोकाला व्रताची लाल दोरी. हनुवटीला बरोबर लागली.

"ती नका घेऊ," प्रेमसिंग म्हणाला. "तिचे सोळा सोमवार केव्हाच झाले. पण उद्यापन कोण करणार? म्हणून सोमवार सुटतच नाही. थकली आहे बिचारी."

"मग हीच द्या. उद्यापन मी करते."

त्याने भाड्याची वही पुढे ओढली. मग म्हणाला, "वजन सांगा. खरं सांगा. बुटाची पकड त्यावर बसवतात."

वन्सं शेजारीच होत्या. मी खरं सांगितलं. नवसापुढे लाज कसली.

उपास सोमवारचा, म्हणजे तो सुटणार दिवेलागणीला. लिफ्ट बंद होते चारला. म्हणून दिवसभराचा पास माझ्या कामाचा नव्हता, दुपारनंतरचाही नव्हता. मी एकाच खेपेचा मागितला, फक्त वर जाण्याचा.

खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "चारनंतर खाली यायला लिफ्ट मिळणार नाही."

"मला ती नकोच आहे," मी म्हटलं. त्यांनी शिक्का मारून दिला.

दुपारी सहलीच्या स्वयंपाक्याकडून कणीक, गूळ, तूप घेऊन चुरमा केला. प्रेमसिंगने दुकानामागे नुसत्या बुटांवर मला उभं राहायला शिकवलं. देवापुढे वाकतो तसं थोडं पुढे वाकायचं. थांबायचं असेल तेव्हा पुढची टोकं जवळ, टाचा लांब.

शेवटच्या पाळण्यातून वर गेले. समोरच्या पाळण्यातून वन्सं खाली येत होत्या, लाल जोडी मांडीवर आडवी. ती जोडी त्यांना सकाळीच एका झाडावर घेऊन आदळली होती. तेव्हापासून पास वसूल करायला त्या नुसत्या वर-खाली करत होत्या.

"अगं, मालन, आता खाली कशी येणार?" त्या ओरडल्या.

"उपास सुटला की येते, वन्सं."

माथ्यावरच्या देवळात आईची ओटी भरली. सूर्य मावळला. मग देवळाच्या ओट्यावर स्कीची जोडी ठेवली. उद्यापनाला मेहूण जेवू घालायचं असतं, आणि स्की जन्मतःच मेहूण. डावी कोणती ते प्रेमसिंगने दाखवून दिलं होतं, तिला हळदकुंकू लावलं. उजवीला गंध. चुरम्याचे तीन भाग केले. एक महादेवाला, एक देवळातल्या गाईला, एक आम्हा तिघांना, म्हणजे मला आणि या जोडीला. जोडीच्या वाट्याचं तूप तिच्या तळव्यांना लावलं. पाहता पाहता सगळं पिऊन टाकलं त्यांनी. मी आणखी वाढलं. पहिल्या घासाला आग्रह करावाच लागतो.

मग पायात घातल्या, पुढे वाकले, आणि निघाले.

काय सांगू. इतक्या सोमवारांची भूक भागलेली ती जोडी. पहिल्या वळणावर पाय लटपटले. उजवी जरा लांब गेली, तशी डावीने तिला जवळ ओढून घेतलं. संसारात असंच असतं. पुढे मला काही करावंच लागलं नाही. संधिप्रकाशात बर्फ निळा दिसत होता, आणि कानात वारा शंखासारखा वाजत होता. खाली सहलीची सगळी माणसं उभी होती. त्यांत हे सर्वांत पुढे.

मी टोकं जवळ आणली, टाचा लांब केल्या आणि यांच्यापुढे थांबले. उभी.

हे काठी प्रेमसिंगच्या हातात देऊन माझ्यापर्यंत चालत आले. ओल्या बर्फावरून, हळूहळू.

"पडली नाहीस?"

"नाही. आणि तुम्ही?"

"मीही नाही," हे म्हणाले.

प्रेमसिंगने त्या जोडीला हात जोडले आणि तिची लाल दोरी सोडली. वन्संनी जोडीवरचा बर्फ हाताने पुसला. मग हळूच म्हणाल्या, "मालन, उद्या सकाळी गाडी निघायच्या आधी ही जोडी मला मिळेल का गं?"

"उद्या मंगळवार. त्यांना आता कसलाच उपास नाही," मी म्हटलं. "पण नुकत्याच जेवल्या आहेत. जरा पडू देत, मग विचारते."