डाव्या बाहीची मोहीम

लिहिण्यास कारण ऐसे जे, हुजुरांचा निळा स्वेटर कोणी आणि कसा पुरा केला याविषयी पुढे घरचे लोक आपापल्या सोयीने भलतेसलते सांगतील आणि मावशी तर सारे श्रेय आपलेच म्हणतील, सबब कोणाची भीड न धरिता जे घडले ते यथास्थित नमूद केले असे.

स्वेटर मूळचा आईसाहेबांचा. त्यांनी सुयांच्या जोरावर पाठ काबीज केली, पुढचे दोन्ही भाग जिंकिले, उजवी बाही सर केली, आणि मग डाव्या बाहीस मनगटाकडून हात घातला, चार बोटे मुलूख ताब्यात आला, तोच आईसाहेबांस देवाज्ञा जाहली. मोहीम जागच्या जागी राहिली. सुया टाक्यांसकट कापडी पिशवीत, पिशवी कपाटात, आणि हुजूर, म्हणजे बाबा, खिडकीजवळच्या खुर्चीत, ऐसे सर्व आपापल्या ठाण्यात बसून राहिले.

हुजुरांचा आईसाहेबांसह रोज संध्याकाळी फिरावयास जाण्याचा शिरस्ता होता, तो मोडला. लेकीने अर्ज केला की जरा खाली तरी जाऊन यावे, तर फर्मान सुटले, "थंडी आहे गं. तो स्वेटर झाला की बघू." कपाटात स्वेटर उदंड होते. एकेक काढून हुजुरांपुढे पेश केला, तर एक टोचतो, एक काखेत धरतो, आणि एकाचा रंग पहिल्यापासून आवडत नव्हता, ऐसे निकाल लागले. हुजूर त्या एका स्वेटरावाचून गड उतरणार नाहीत हे लेक उमजली, आणि मग मनाचा हिय्या करून तिने पिशवी उघडली.

लेकीचा पराक्रम म्हणावा तर, कॉलेजात असता तिने एक मफलर विणिला होता, तो एका टोकास वीतभर आणि दुसऱ्या टोकास हातभर रुंद ऐसा निघाला, तेव्हापासून सुयांशी तह करून तिने त्या मुलखात पाऊल टाकिले नव्हते. इतक्या वर्षांनी सुया हाती घेतल्या तो बोटेच फितूर. सुलट घालू जावे तो उलट पडे, आणि एक टाका गळाला तो चार ओळी खाली पसार जाहला, आणि त्यास धरून आणिता आणिता शेजारचे दोघे पळाले. मग मावशींस, म्हणजे आईसाहेबांच्या धाकट्या बहिणीस, मोबाइलवर पाचारण केले. मोबाइल कसा धरावा ही विद्या त्यांस वश नसल्याने त्या कपाळ आणि चष्मा एवढ्यानिशीच प्रकट जाहल्या, आणि फौजेची पाहणी करून वदल्या, "अगं, लोकर आहे ती! चोर पकडल्यासारखी काय आवळतेस?"

बोलणे झोंबले, परंतु खरे. आईसाहेबांचा हात सैल, लेकीचा घट्ट. जेथे एकीचा अंमल संपून दुसरीचा सुरू होई तेथे बाही ऐसी आवळली की जणू कोणी सुतळी बांधिली. मावशींनी हुकूम केला, "सगळं उसव. ताईचंसुद्धा. पहिल्यापासून एका हाताचं घाल."

"माझं उसवते."

"आणि तिचं?"

"ते नाही."

"अगं, चार बोटं तर आहे!"

"म्हणूनच नाही."

पडद्यावरचा चष्मा काढून पुसला गेला, आणि मावशींनी जेवलीस का म्हणून विचारिले.

मग लेकीने आपला मुलूख तेवढा उसविला आणि पुनः चढाई केली, आणि पुनः शिकस्त खाल्ली, आणि ऐसे होता होता लोकर केसाळ होऊन टाकावी लागली आणि गुंडा संपला. पिशवीत रसद होती, परंतु ती लड्यांची, आणि लडीचा गुंडा करावयाचा तर कोणी ती दोन हातांवर ताणून धरावी लागते. हुजुरांस तसदी नको म्हणून लेकीने लडी जेवणाच्या टेबलाजवळील खुर्चीच्या पाठीस चढविली. येथे घोर चूक जाहली. लडी धरणे हे हुजुरांचे लग्नापासूनचे वतन, खुद्द आईसाहेबांनी दिलेले, आणि ते कन्येने एका खुर्चीस बहाल केले! इतके दिवस न हाललेले हुजूर उठले, खोली ओलांडून आले, खुर्चीकडे जळजळीत नजरेने पाहिले आणि लडी उतरवून म्हणाले, "ते माझं काम आहे."

मग समोरासमोर छावण्या पडल्या. लेक गुंडा करू लागली तो फर्मान सुटले, "ओढतेस." आणि जरा वेळाने, "परत ओढलंस. तिचं हाताला कळायचंसुद्धा नाही." तेव्हा लेकीने गुंड्याचा बेत रद्द केला आणि हुजुरांच्या हातांवरील लडीतूनच थेट विणू लागली. हात घट्ट पडला की हुजुरांची मनगटे एकमेकांकडे सरकत आणि लेक धागा सैल सोडी. मध्येच हुजुरांचे नाक खाजले. दोन्ही हात तर जेरबंद, तेव्हा, "डावीकडे. अगं वर. तिथे नाही, वर!" ऐसी कन्येकडून सेवा घेतली, आणि चहा पाजविला त्यात साखर कमी निघाली. बाही मात्र वाढू लागली. सांधा शोधिला तर सापडे, न शोधिता दिसत नसे.

तो नवेच संकट उभे राहिले. लेक बाही हुजुरांच्या हातास लावून विचारी, "पुरे ना?" हुजूर म्हणत, "अजून थोडी." दुसरे दिवशी, "अजून जरा." उजव्या बाहीशी ताडून दाखविले तर म्हणाले, "ती आखूडच होती. मी बोललो नाही, एवढंच." मावशी पडद्यावरून गरजल्या, "भावजींचा हात काय खाली फाटकापर्यंत जातो?" हुजुरांनी ऐकू न आल्यासारखे केले आणि नवी लडी चढविली.

तेव्हा लेकीस समजले. बाही संपली की लडी संपणार, आणि मग खाली उतरणे आले, तेही एकट्याने. तिने तो दिवस विणिले, दुसराही विणिले. मग एके दुपारी म्हणाली, "बाबा, टाके बंद करते. पिशवीत लोकर पुष्कळ आहे. यानंतर माझा विणायला घेऊ."

हुजुरांनी मनगटांवरील लडी सारखी केली. "तुझे हात लांब आहेत का गं?"

"खूप."

"मग कर बंद."

येणेप्रमाणे बाही जोडिली, आणि हुजुरांनी स्वेटर अंगात चढविला तो उजवा हात हजर आणि डावा गडप. मावशींनी दुरुस्तीचा मसुदा मांडिला, तो नामंजूर जाहला. हुजुरांनी बाही दोनदा दुमडली, बूट घातले आणि "कोपऱ्यापर्यंतच जातो" म्हणून जिना उतरले. कोपऱ्याशी गेले, उभे राहिले, मागे पाहिले, घसरलेली बाही वर सारिली, आणि मग कोपरा वळले.

फत्ते जाहली. तोफा सोडिल्या नाहीत, कारण खालच्या मजल्यावर तान्हे बाळ निजले होते. लेक खिडकीत उभी होती आणि थंडी आत येत होती, ती येऊ दिली. येथवर जे घडले ते लिहिले. वाचणाऱ्याने दोन्ही बाह्या शेजारी धरून पाहू नयेत.