पाठ आधी, तोंड मग

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, मे महिन्यात, उत्तन येथील एका लग्नाच्या जेवणात मानवेल काकांनी भरलेली बशी डोक्याच्या वर उचलली आणि तिचा तळ पाहिला. रस्सा नवरीच्या मामाच्या कोटावर सांडला. काकांनी बशी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले, "विलायती न्हाय. शिक्का मागनं मारलाय." मग ते जेवू लागले. बशा विलायती आहेत असे सांगून नवऱ्याकडच्यांनी त्या मिरवल्या होत्या. मामा कोट बदलायला उठला आणि जाताना आपल्या बशीचा तळ पाहून गेला.

मानवेल काका माझे शेजारी. मी तेव्हा मुंबईच्या एका वृत्तपत्रात बातमीदार होतो आणि सुटीला उत्तनला येत असे. काकांची सारी नोकरी फोर्टमधल्या एका लिलावघरात झाली. विक्रीला आलेली चित्रे, मूर्ती, घड्याळे आणि त्यांच्यासोबतचे दाखले खरे की बनावट, हे सांगण्याचे त्यांचे काम होते. लग्न केले नाही. निवृत्त झाल्यावर ते वडिलांच्या घरी परत आले. सोबत लिलावघराने दिलेले चांदीचे घड्याळ आणि एक सवय होती.

सवय अशी की, कोणतीही वस्तू ते आधी मागून पाहत. "पाठ आधी, तोंड मग," असे म्हणत. "तोंड सगळेच धुतात." कॅलेंडर, खुर्ची, पाव, सारे उलटून पाहिले जाई. वेळ विचारली तर घड्याळ पालथे करून मागे कोरलेले स्वतःचे नाव वाचत आणि मग वेळ सांगत. गावात नवा पाद्री आला तेव्हा काका त्याला हात जोडून थेट त्याच्या मागे गेले. पाद्रीही वळला. दोघे एकदा पुरते गोल फिरले.

"काय शोधताय?" पाद्रीने विचारले.

"काय न्हाय, फादर. झग्याची शिवण बघतोय. गोव्याची हाय. चांगली हाय."

लोक हसत, पण काही घ्यायचे असले की त्यांच्याच दारी जात. एकाने मुंबईहून जुने तैलचित्र आणले होते: डोंगर, गाई, तपकिरी आभाळ. काकांनी ते पालथे करून कॅनव्हासला नाक लावले. "चहा हाय," ते म्हणाले. "बिनदुधाचा." जुने दिसावे म्हणून कॅनव्हास चहात भिजवला होता. हे मी स्वतः पाहिले. मलाही वास घ्यायला दिला; मला काहीच आला नाही. मग त्यांनी चौकटीवरून दुमडलेली कडा उलगडली. जिथे चहा पोचला नव्हता, तिथे कापड पांढरे होते.

बनावट सही ओळखायला शिकवताना ते नेहमी धाकट्या भावाची, सांतानची गोष्ट सांगत. सांतानने नवी होडी घेतली तेव्हा तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या जाड लाकडावर, आतल्या बाजूने चाकूने क्रूस कोरायला घेतला. चाकूचे पाते मोडले आणि क्रूसाचा उजवा हात आखूड राहिला. "खरा हात चुकतो," काका सांगत. "खोटा हात जपून चालतो. सहीत कुठं चूक न्हाय, तिथं थांबायचं."

गोष्ट एवढीच सांगत. पुढचे गावाला माहीत होते. काका फोर्टात नोकरीला लागले त्याच वर्षी सांतान त्या होडीतून गेला आणि परत आला नाही. होडी रिकामीच भाईंदरच्या खाडीत लागली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. ती मोडून लाकूड वखारीत गेले. काका त्यानंतर कधी होडीत बसले नाहीत.

त्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात पालीच्या डॉमनिकने काकांना बोलावले; मी सुटीला आलो होतो, मीही सोबत गेलो. पाली हे शेजारचेच कोळ्यांचे गाव. डॉमनिकच्या दोन होड्या होत्या. थोरली वादळातून सगळ्या माणसांसह परत आली, तेव्हा त्याची आई रोजामाय हिने नवस बोलला होता: गावच्या क्रूसापाशी मारियामायची जुनी, पावलेली मूर्ती बसवीन. आता मुंबईचा एक दलाल तशी मूर्ती घेऊन आला होता. बदल्यात त्याला डॉमनिकची धाकटी होडी हवी होती. त्या होडीवर डॉमनिकचा भाऊ इनास पोट भरत होता. इनास दारात बसून होता आणि कोणाशी बोलत नव्हता.

मूर्ती हातभर उंच होती. रंग उडालेला, अंगावर किड्यांची भोके. काकांनी ती लगेच उलटी धरली. पाठीवर जुने कापड चिकटवलेले होते.

"त्याला हात लावू नका, बाबा," दलाल म्हणाला. "नाजूक आहे. तीनशे वर्षांची चीज आहे."

"मग तोंड बघू," काका म्हणाले. त्यांना नाइलाजाने तोंडापासून सुरुवात करताना मी पहिल्यांदाच पाहिले.

दलालाने दाखला पुढे केला. पोर्तुगीज भाषेत, शिक्का मारलेला, किड्याने खाल्लेला. काकांनी तो उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"किडा शिकलेला हाय."

"काय?"

"एवढी भोकं पाडली, पण एक अक्षर खाल्लं न्हाय. ओळ भोकाजवळ येते नि वळसा घालून जाते. कागद आधी खाल्लेला, लिवलं मागनं."

डॉमनिक वाकून पाहू लागला. दलाल म्हणाला, "कागद गेला खड्ड्यात, मूर्ती बघा ना."

काकांनी मूर्तीच्या पायाला जीभ लावली. "खारट हाय."

"असणारच. समुद्राकाठच्या चर्चमधली आहे."

"तुमच्या कागदात तर डोंगरातलं देऊळ लिवलंय." उत्तनचे लोक चर्चला देऊळच म्हणतात.

इनास दारातून उठून आत आला.

काकांनी मूर्तीच्या खांद्यावर बोट ठेवले. तिथे भोक नव्हते. बोटभर लांब, उघडी पन्हळ होती. "डॉमनिक, किडा लाकडात कसा शिरतो?"

"भोक पाडून."

"मग ही पन्हळ वरनं उघडी कशी? किड्याचा बोगदा आत असतो. त्यावरनं पटाशी फिरली तर तो असा उघडा पडतो. म्हणजे लाकूड आधी किडलं, मूर्ती मागनं कोरली. किडा मूर्तीत शिरला न्हाय, मूर्ती किड्यात शिरली." त्यांनी पन्हळीत नख फिरवले. "आणि हा देवळातला किडा न्हाय. हा पाण्यातला हाय, होडी खाणारा. मोडक्या होडीचं लाकूड हाय हे."

हे कोळ्यांच्या घरात समजावून सांगावे लागले नाही. डॉमनिकने तीच पन्हळ स्वतःच्या होडीच्या तळाला कितीदा पाहिली होती. दलाल दाखल्याची घडी घालू लागला. इनास पहिल्यांदा बोलला: "काका, आता पाठ बघा. न्हायतर रात्री झोप येनार न्हाय तुमाला."

सगळे हसले. रोजामायने पाणी आणून दिले. काकांनी कापड भिजवले आणि एका कोपऱ्यातून सोलत नेले. भिंतीला टेकवायची मूर्ती, म्हणून पाठ कोरलेली नव्हती. मूळ लाकडाचा सपाट भाग तसाच ठेवला होता. काका त्या भागाकडे पाहत राहिले. मग त्यांनी अंगठ्याने तो पुसला आणि पुन्हा पाहिले.

"काय हाय?" डॉमनिकने विचारले.

मी त्यांच्या बाजूला उभा होतो. लाकडात चाकूने कोरलेला क्रूस होता. त्याचा उजवा हात आखूड होता.

"मूर्ती खोटी हाय," काका दलालाला म्हणाले. "मला हवी."

दलालाला वाटले, म्हातारा थट्टा करतोय. काकांनी खिशातून चांदीचे घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवले. दलालाने घड्याळाचे तोंड पाहिले, कानाला लावले आणि खिशात टाकले. घड्याळाची पाठ पाहिली नाही. तो बैलगाडीत बसून भाईंदर स्टेशनकडे गेला.

काकांनी मूर्ती धोतराच्या सोग्यात गुंडाळली. पाली ते उत्तन आम्ही चालत आलो. वाटेत ते एकदाच बोलले: "लाकूड खरं हाय."

रोजामायचा नवस फणसाच्या लाकडाच्या नव्या मूर्तीने फेडला गेला. ती पालीच्याच सुताराने केली. काकांनी तीही उलटून पाहिली आणि म्हणाले, "कालची हाय. खरीखुरी कालची." धाकटी होडी इनासकडे राहिली.

पुढच्या सुटीला मी काकांकडे गेलो. त्यांनी मला वेळ विचारली, मी सांगितली. समुद्राकडच्या खिडकीत मूर्ती ठेवली होती आणि तिच्यासमोर मेणबत्ती जळत होती. मूर्तीचे तोंड समुद्राकडे होते, पाठ खोलीकडे.