दहावी लवंग

अल्पेशनं ठरवलं होतं ते एवढंच, की सासऱ्यांच्या रिळाला तेलाचा एक थेंब सोडायचा. एकच.

रीळ म्हणजे मासे धरायच्या काठीवरचं, पितळेचं, परदेशी, वयानं अल्पेशपेक्षा मोठं. बंदरावर कामाला असताना सासऱ्यांना, म्हणजे धर्माजींना, ते एका जहाजावरच्या इंजिनिअरनं दिलं होतं. थळ गावच्या या माणसानं आपली एकुलती एक मुलगी कल्पिता तळा गावच्या शेतकरी घरात दिली, पण रीळ जावयाच्या हातात कधी दिलं नाही. ("पोर नांदल. ह्ये मशीन तुमच्याकडं न्हाय नांदायचं," असं ते लग्नातच म्हणाले होते.)

त्या रविवारी ते दिवेआगरला, जावयाच्या नोकरीच्या गावी, मुलीकडं आले होते. चारला भरती होती आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा मासा गळाला लागणारच, अशी त्यांची खात्री. सकाळी ते आमिषाला जिवंत कोळंबी आणायला बाहेर पडले आणि रीळ ओसरीवर राहिलं. अल्पेशनं मूठ फिरवली. आतून कुरकुर आली. जावयाच्या मनात माया दाटून आली.

तेल आत जायला हवं तर झाकण काढायला हवं. झाकण काढलं तर आत घट्ट झालेलं काळं ग्रीस. ग्रीस पुसायचं तर चाक काढायला हवं. (अल्पेश पतपेढीत कारकून होता, एक फाईल काढायला गेलं की कपाट रिकामं करायची सवय.) अर्ध्या तासात स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकवीस भाग मांडलेले होते, आणि रीळ नावाची वस्तू जगात उरली नव्हती.

त्यातला सगळ्यात छोटा भाग म्हणजे एक खुंटा. बारीक दांडा, वर चपटं डोकं, जुन्या तेलानं काळा पडलेला. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळताना ती एकाच जागी न साचता डावीउजवीकडे सारखी पसरते, ती या खुंट्यामुळं. तो हरवला की रीळ संपलं. म्हणून अल्पेशनं तो, नजर दुसऱ्या एका स्प्रिंगवर ठेवून, हात मागं करून ओट्यावरच्या वाटीत जपून टाकला.

त्या वाटीत कल्पितानं कोळंबीभातासाठी मोजून दहा लवंगा काढल्या होत्या.

पुसून, तेल देऊन त्यानं सगळं परत जोडलं. खुंटा वाटीतून उचलला, बसवला, स्क्रू आवळले. इकडं कल्पितानं वाटी उचलून तापल्या तुपात उपडी केली, आणि त्याचे एकेक स्क्रू आवळून होईपर्यंत भात शिजूनही झाला. अल्पेशनं मूठ फिरवली. दोन फेरे लोण्यासारखे गेले. तिसऱ्याला कचकन आवाज झाला आणि रिळातून गरम मसाल्याचा वास सुटला.

"अगं, वाटीतल्या लवंगा?"

"भातात. का हो?"

"किती होत्या?"

"दहा. तुम्ही असे घामाघूम का झालात?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कल्पे, भात झाला का गो?"

अल्पेशनं रिळावर टॉवेल टाकला आणि भाताच्या पातेल्याचा ताबा घेतला. "आज मी वाढणार!" (लग्नाला सहा वर्षं झाली, कल्पितानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.) वाढता वाढता त्यानं पातेलं तळापासून ढवळलं. पाच लवंगा सापडल्या. पाचही खऱ्या. उरलेल्या पाच तीन ताटांत गेल्या होत्या, आणि समोर बसलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या सगळ्या दातांचा अभिमान होता.

"मामा, लवंग आली तर बाजूला काढा हं."

"बाजूला? मी चावून खातो."

अल्पेश आपल्या ताटातला भात चिवडू लागला. दात तुटला तर? घशात अडकलं तर? स्वतःच्या ताटात एक निघाली, खरी. कल्पिताच्या ताटात दोन, त्याही खऱ्या.

"एवढी आवडते व्हय लवंग?" म्हणत धर्माजींनी आपल्या ताटातली एक उचलून प्रेमानं त्याला दिली. खरी.

नऊ झाल्या. धर्माजींनी मोठा घास घेतला.

कट्.

ते थांबले. तोंडातून दोन बोटांनी काहीतरी काढून त्यांनी उजेडाकडं धरलं. "ही लवंग हाय का खिळा? कल्पे, माझा चष्मा आण."

चष्मा आला की संपलं. अल्पेशनं झडप घातली आणि ती वस्तू सरळ स्वतःच्या तोंडात टाकली. गालात धरायची, मागच्या दारी जायचं, धुवायची, बसवायची. त्याला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

धर्माजींचे डोळे भरून आले. "माझ्या तोंडातलं खाल्लंत, जावय! पोटची पोर बी असं करीत न्हाय!" आणि चाळीस वर्षं बंदरात दोरखंड ओढलेल्या हातानं त्यांनी त्याच्या पाठीत एक मायेची थाप मारली.

गटकन आवाज झाला.

मग सांगावंच लागलं. सासऱ्यांनी टॉवेल उचलला, रीळ हुंगलं आणि जावयाला दवाखान्यात नेलं. चारची भरती त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून घालवली. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. धर्माजींनी चष्मा लावून तो नीट निरखला. "व्हय. आमचाच हाय."

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन दिवसांत आपोआप पडेल."

लेकीच्या घरी एक रात्रही न राहणाऱ्या धर्माजींनी थळला निरोप धाडला, की एवढ्यात येत नाही. दवाखान्यातून येताना दोन डझन केळी घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे संडासाच्या दाराबाहेर खुर्ची टाकून ते बसले. मांडीवर रीळ, हातात स्क्रूड्रायव्हर. सहाला, साडेसहाला आणि सातला, शेजारच्या दोन वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"जावय, ओहोटी लागली का?"