बापू हवालदारांची छावणी

घरी पाहुणा आला की बाकीची माणसं त्याच्या तोंडाकडं बघतात. बापू हवालदार त्याच्या गाठोड्याच्या गाठीकडं बघत. गाठ पसंत पडली नाही तर रामराम घालायच्या आधी खाली बसत, ती सोडत, आपल्या पद्धतीनं पुन्हा बांधत, दोन्ही टोकांना एक हिसका देत आणि मग मान वर करून विचारत, "हां! आता टैट! कवा आलासा?"

'टैट' हा त्यांनी पलटणीतनं आणलेला शब्द. म्हशीचं दावं, मोटेचा नाडा, बायकोची वेणी, गावचा कारभार, सगळं एकतर टैट असायचं नाहीतर ढिल्लं. तिसरा प्रकार त्यांच्या जगात नव्हता.

कडेगावला त्यांच्या मावसभावाच्या मुलाचं लग्न होतं, तेव्हा मीही सोबत गेलो होतो. नवरानवरीच्या उपरण्या-शेल्याची गाठ बापूंच्या नजरेला पडली. "मास्तर, ही सुटंल," ते माझ्या कानात म्हणाले. मी म्हणालो, "सुटायचीच असते हो ती नंतर." पण बापू उठले होते. पाट सरळ करायला वाकल्यासारखं करून त्यांनी ती गाठ तंबूच्या दोरीला मारतात तशी मारली. आम्ही जेवून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं कोरेगावला परतलो. मागाहून कळलं, की पुरोहित, करवली, मुलाचे मामा आणि शेवटी गावचा सुतार एवढे जण खपले, पण गाठ हलली नाही. दिवेलागणीपर्यंत ती दोघं एकमेकांना बांधून बसली होती. अखेर उपरणं कापलं. बापूंना हे सांगितलं तर ते उलट खूश. "बघा! कापलं, पर सुटली न्हाई!"

मी त्या वेळी कोरेगावच्या मराठी शाळेत मास्तर होतो आणि बापूंच्या घरालगतच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. बापू लढाईत सहा वर्षं काढून नुकते घरी आले होते. बंदूक त्यांनी फारशी चालवली नव्हती. त्यांच्याकडं तंबूंचं काम होतं. मिसरच्या वाळूत आणि पुढं इटलीच्या चिखलात त्यांनी किती तंबू उभारले आणि किती उतरवले याला गणती नव्हती. लढाईचं सांगा म्हटलं की ते वाळूत मेख कशी रोवावी ते सांगत. ऐकणारा कंटाळून उठून जाई.

घरात चार माणसं. बापू, त्यांची बायको सारजावैनी, सात वर्षांची शकू आणि बापूंची आई भागूआई. भागूआईंचा मुक्काम ओसरीवरच्या बाजेवर. बापूंनी आल्या-आल्या त्या बाजेची सुंभं इतकी टैट केली होती, की म्हातारी पहिल्या दिवशी कुशीवर वळली ती थेट खाली आली.

एका बाजाराच्या दिवशी बापू साताऱ्याहून आले ते बैलगाडीत एक भलंमोठं खाकी गाठोडं घालून. लष्कराचा मोडीत काढलेला माल तिथं विकायला आला होता, त्यातला तंबू त्यांनी आणला होता. ठिगळं लावलेला, दोन खांबांचा, कुबट वासाचा.

सारजावैनी दारात आल्या. "ह्ये काय?"

"तंबू."

"त्ये दिसतंया. कशाला?"

"आपून समद्यांनी जायाचं. जरंड्याच्या पायथ्याला, वड्याकाठी. दोन दिस ऱ्हायाचं."

"कुणाचं लगीन हाय तितं?"

"न्हाई."

"जत्रा?"

"न्हाई."

"नवस बोलला हुता?"

"न्हाई गं."

"मंग?"

"मंग काय न्हाई. ऱ्हायाचं, जेवायचं, झोपायचं, माघारी यायचं. क्याम्प!"

वैनी जरा वेळ तंबूकडं आणि मग डोक्यावरच्या कौलांकडं बघत राहिल्या. "धडधाकट घर मोकळं ठिवून कापडात ऱ्हायाचं," त्या स्वतःशीच बोलल्या आणि मग माझ्याकडं वळल्या. "मास्तर, खरं सांगा. लढाईत ह्येंच्या डोक्याला काय लागलं-बिगलं हुतं का?"

दुसऱ्या दिवसापासून अंगणात कवायत सुरू झाली. पहाटे शिट्टी वाजे आणि मागोमाग "फालिन!" अशी आरोळी. सारजावैनी पिठाचे हात घेऊन, शकू डोळे चोळत, आणि भाडेकरू असल्यामुळं की काय कोण जाणे, मीही रांगेत उभा. "मास्तर, तुमी खांब नंबर दोन," असं बापूंनी मला परस्पर ठरवून टाकलं. म्हणजे मी खांब धरून ताठ उभं राहायचं आणि बापू 'सोडा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. एकदा ते मेख ठोकता ठोकता कुणाशी तरी बोलत शेतावर निघून गेले. शाळेची घंटा झाली तरी खांब नंबर दोन जागेवरच होता.

शकूकडं मेखा मोजायचं काम होतं. ती प्रत्येक मेखेला नाव ठेवून मोजायची, त्यामुळं वेळ लागे, पण एकही हरवत नसे. भागूआई मात्र बाजेवरनं उतरल्या नाहीत. त्यांना शिट्टी ऐकू येत नव्हती असं नाही. त्या तिथनंच सगळं बघत होत्या.

चौथ्या दिवशी तंबू एकदाचा नीट उभा राहिला. बापू चार पावलं मागं सरकून बघत होते, तेवढ्यात म्हशीनं पडद्यातनं मुंडकं आत घातलं, मग खांदे घातले, आणि मग आत जाऊन बसलीच. तिला बाहेर काढता काढता तंबू पडला. तंबू अंगावर घेऊन म्हैस अंगणभर फिरली. शकू इतकी हसली, की तिला उचकी लागली. बापूंनी फक्त दोऱ्या तपासल्या. "गाठी सुटल्या न्हाईत. मेखा उपटल्या. जमीन ढिल्ली हाय."

मग सामानावरनं भांडण. बापूंची यादी पलटणीतली. माणशी एक घोंगडं, एक ताटली, एक तांब्या. वैनींची यादी तोंडी होती आणि ती जात्यापासून सुरू होत होती.

"जातं?" बापू ओरडले. "दोन दिसाला जातं? पीठ दळून न्यायचं की!"

"आन् सपलं मंजी?"

"चार माणसं आपून!"

"जेवायच्या वक्ताला माणसं येत्यातच," वैनी म्हणाल्या. वाद तिथं संपला. गाडीत पहिलं जातं चढलं.

या सगळ्याचा गावावर काय परिणाम होतोय याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. गल्लीच्या टोकाला कोंडूमामा राहायचे. सत्तरी उलटलेला माणूस. त्यांनी बापूंच्या अंगणातला तंबू बघितला, गाडीत चढणारं जातं बघितलं, कुणाला एक शब्द विचारला नाही, आणि घरी जाऊन भांडी गोणत्यात भरायला लागले. पूर्वी प्लेगात गाव असंच मोकळं होत असे. घराला कुलूप, माळावर झोपड्या. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते अजून ताजं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती, की हवालदाराच्या घरात उंदीर मरून पडला. दुसऱ्या दिवशी तीन उंदीर. तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गात चाळीसातली अकरा मुलं आली आणि माळावर दोन खोपी उभ्या राहिल्या.

बापू शिट्टी फुंकत दारोदार फिरले. "प्लेग न्हाई! क्याम्प हाय!"

"कुणाचा क्याम्प?"

"माजा सवताचा!"

"मग जातं कशाला चाललंय?"

बापू पुढच्या दारी शिट्टी फुंकायला वळले. शेवटी तालुक्याचे टोचणीवाले डॉक्टर पिशवी घेऊन आले. त्यांनी माळ्यावर चढून, कणग्यांमागं काठी घालून उंदीर शोधला. एक जिवंत सापडला, तो ठणठणीत होता. डॉक्टरांनी गल्लीला भिण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. पण सुई उकळून झाली होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून त्यांनी बापूंना आणि मला टोचलं. दोघांचे दंड सुजले आणि छावणी आठ दिवस पुढं गेली.

अखेर निघायची सकाळ उजाडली. मला शाळेला सुट्टी होती. गाडीच्या चाकांना वंगण घातलेलं, बैलांच्या गळ्यात घुंगरू, जातं, पाटा-वरवंटा, पिठाची दुरडी, आणि सगळ्यावर तंबू. शकू तंबूवर चढून बसली होती. सारजावैनींनी, कुरकुरत का होईना, ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आणि भागूआई बाजेवरच.

"आये, चल," बापू म्हणाले. "शिट्टी वाजली."

"मी न्हाई येत."

"आगं, गाडीत मऊ घोंगडं घातलंय."

"घोंगड्याचं न्हाई रं." म्हातारीनं बाजेची कड धरली. "तुमी जावा. मी घर सोडून न्हाई येत."

"दोनच दिस."

"तवाबी दोनच दिस म्हनला हुता तुजा बा." भागूआई नेहमीच्या आवाजातच बोलत होत्या. "गाव आवसंला हाललं. म्हनला, चार मान्सं जात्यात तर आपूनबी जाऊ, दोन दिसात येऊ माघारी. त्या माळावर दीड म्हैना काढला. जाताना आमी तिघं हुतो. घराचं कुलूप काढाया तुला कडंवर घिऊन मी यकली आली." मग म्हणाल्या, "तुमी जावा रं. माजं काय न्हाई."

आपले वडील प्लेगात गेले एवढं बापूंना ठाऊक होतं. ते तेव्हा तीन-चार वर्षांचे होते. पण आईच्या तोंडून हे त्यांनी, मला वाटतं, पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मला वाटलं, आता हवालदार चिडतील. पण त्यांनी शिट्टी गळ्यातनं काढून खिशात घातली. बैल सोडले. गाडीवर चढून शकूला खाली उतरवलं आणि तंबू खांद्यावर घेतला.

"कुठं?" वैनींनी विचारलं.

"परड्यात."

घरामागच्या परड्यात, शेवग्याच्या पलीकडं त्यांनी तंबू लावला. खांब नंबर दोन मीच होतो. या वेळी त्यांनी एकही हुकूम सोडला नाही, की 'टैट' म्हणून ओरडले नाहीत. तंबूचं दार त्यांनी मुद्दाम घराच्या मागच्या दाराकडं केलं. आत बसलेल्या माणसाला घर दिसावं, आणि घरातल्या माणसाला तंबूतलं माणूस दिसावं, असं. वैनींनी पदर खोचला आणि बाहेर तीन दगडांची चूल मांडली. वारा राख उडवत होता आणि वैनी वाऱ्याशी भांडत होत्या, पण भाकरीवर भाकरी उतरत होती. शकूनं आत जाऊन चारही कोपऱ्यांत एकेकदा झोपून बघितलं.

दुपार कलत आली तेव्हा मागच्या दारात काठी वाजली. भागूआई उभ्या होत्या. उंबऱ्यावर बराच वेळ घुटमळल्या, मग एकेक पाऊल टाकत आल्या. वाटेत एकदा मागं वळून घर बघितलं. बापू उठले नाहीत की हात द्यायला धावले नाहीत. फक्त जरा सरकून त्यांनी जागा केली.

म्हातारी आत बसली. कापडावरनं हात फिरवला. "तितं लढाईवर असल्यातच ऱ्हायाचास?"

"व्हय. असल्यातच."

"किती मान्सं?"

"आठ."

"कोन कोन?"

बापूंनी बोट दाखवायला सुरुवात केली. "हितं कराडचा मारुती. लय घोरायचा. ह्या खांबापाशी जतचा बिरू. मेंढरामागं वाढलेला गडी, वाळवंटातबी घोंगडं सोडायचा न्हाई. त्येच्या पलीकडं येसू, रातभर बायकूला पत्रं लिवायचा. मनातल्या मनात. लिवाया येत नव्हतं त्येला." असं करत त्यांनी सात जागा दाखवल्या. आठवी त्यांची स्वतःची.

"आन् आता कुठं हायती?"

"मारुती हाय. कराडला." बापूंनी बोट खाली घेतलं. "बाकीची न्हाई आली."

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला. वैनींचं लक्ष नव्हतं.

"डोळा मिटला की तंबू दिसतो, आये," बापू म्हणाले. "आन् तंबूत त्येच समदी. कौलाखाली निजलो तरी त्येच. म्हनलं, तुमा सगळ्यास्नी यकदा असल्या तंबूत बसवावं."

"मंजी काय हुईल?"

"मंजी तुमीबी दिसाल."

भागूआईंनी काठी जवळ ओढली. मग काठीच्या टोकानं दाराजवळची जागा दाखवली. "तुजा बा खोपीत हितं निजायचा. दाराला. वारं लागतंया म्हनायचा."

"आन् मी?"

"तू त्येच्या पोटापाशी. दुसरीकडं निजवला की रडायचास."

बापूंनी त्या जागेकडं बघितलं. मग कुणाला काही न सांगता ते तिथं आडवे झाले, आईच्या मांडीपासून हातभर अंतरावर. मला वाटलं, पाठ टेकली असेल. पण थोड्याच वेळात त्यांचा श्वास जड झाला. शकू त्यांना हलवायला गेली तर वैनींनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"जेवायला उठवायचं नाही का?" मी हळूच विचारलं.

"नगा," वैनी तितक्याच हळू म्हणाल्या. "लढाईवरनं आल्यापास्नं दिसाउजेडी न्हाईच, रातीबी सलग तास-दोन तास निजल्यालं म्या बगितलं न्हाई." त्यांनी भाकऱ्यांवर पालथी परात झाकली.

भागूआई पदरानं लेकाच्या तोंडावरच्या माश्या वारीत होत्या. शकू त्यांच्या मांडीला टेकली होती. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर आलो.