रिकामं तरंगलेलं तारू

"एकीचं काम माझ्यावर सोडा! पुढच्या रविवारी मंडळीत दोन माणसं भांडताना दिसली, तर बाइंडर म्हणून नाव लावणार नाही!"

चर्चच्या भर सभेत त्याने असं छाती ठोकून सांगितलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या दोघींनी एकाच वेळी कपाळावर हात मारला. डावीकडे बायको, उजवीकडे थोरली बहीण. मधे बाइंडर, कारण तो मधे नसेल तर त्या दोघी एका बाकावर बसतच नसत.

भांडण बायबलचं होतं. म्हणजे बायबलवर सगळ्यांचा विश्वास होता, एकमेकांच्या बायबलवर नव्हता! जुन्या भाषांतराचे पुढारी निवृत्त हेडमास्तर. त्यांचं म्हणणं, "देवाची भाषा भारदस्तच हवी." नव्या भाषांतराच्या पुढारी नर्सबाई. त्यांचं म्हणणं, "भाषा पेशंटला कळेल अशी हवी!" प्रकरण इतकं विकोपाला गेलं, की पाळकसाहेबांनीही हात टेकले. येत्या रविवारी मत घ्यायचं ठरलं: यापुढे जुन्यांची उपासना वेगळी आणि नव्यांची वेगळी करायची का?

बाइंडरच्या घरात ताई जुनी, बायको नवी. फाटाफूट झाली की दोघी आपापल्या उपासनेला त्याला ओढून नेणार, हे ठरलेलंच. दर रविवारी दोन प्रवचनं! नुसत्या विचारानेच त्याची पाठ दुखायला लागे. पण खरं सांगायचं तर त्याला दुसरंच काहीतरी खुपत होतं. पूर्वी या दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून गीतं म्हणायच्या, एकच चष्मा आळीपाळीने लावायच्या आणि कुणाच्याही टोपीवर खुसखुसायच्या. आता एकाच खोलीत बसून ताई म्हणे, "तिला सांग, चहा गार झालाय." बायको म्हणे, "त्यांना सांगा, वेळेवर प्यावा." बाइंडरला ते हसणं फार आठवायचं.

तर त्याची योजना अशी. व्यासपीठावरची दोन्ही मोठी बायबलं, जुनं आणि नवं, नव्याने बांधायला त्याच्याच दुकानात आली होती. "दोन्हींना एकसारखंच कव्हर! तेच काळं कापड, तीच सोनेरी अक्षरं! ओळखूच आलं नाही, तर भांडणार कशावरून?" आपल्याच अकलेवर तो इतका खूश झाला, की एकटाच शीळ घालायला लागला.

त्याने दोन्ही पुस्तकं उसवली. पुस्तक उसवलं की घडी घातलेल्या पानांचे जाडसर जुडगे सुटे होतात. बाइंडर लोक त्याला फर्मा म्हणतात. जुन्याचे फर्मे एका ढिगात, नव्याचे दुसऱ्या. आता शिवायला घेणार, तेवढ्यात पुढच्या दाराने बायको डबा घेऊन आली आणि मागच्या दाराने ताई. तीही डबा घेऊन!

"तिला सांग, आज डबा मी आणणार होते."

"त्यांना सांगा, मी कालच सांगून ठेवलं होतं."

"ताई, ती म्हणते की..."

"मी काय बहिरी आहे?"

बाइंडरची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. हात मात्र आपले सवयीने चालूच! एक फर्मा या ढिगातला, मग काही त्या ढिगातले. पानं वाचणं हे काही बाइंडरचं काम नाही, तो फक्त घड्या बघतो. शिलाई झाली, सरस लागला, प्रेस आवळला गेला. दोन्ही डबे संपवून त्याने समाधानाने ढेकर दिली.

रविवार उजाडला. या मंडळीची जुनी शिस्त अशी, की व्यासपीठावरून वाचन चालू असताना आपापली पुस्तकं मिटून, उभं राहून नुसतं ऐकायचं. त्या दिवशी गोष्ट नोहाच्या तारवाची. आधी हेडमास्तर जुन्यातून वाचणार, मग तीच गोष्ट नर्सबाई नव्यातून, आणि मग मतदान.

हेडमास्तरांनी एका पुस्तकाचं पहिलं पान बघितलं. "हं, हे आमचं." आणि घनगंभीर आवाजात सुरुवात केली. तारू बांधून झालं, प्राणी चढले, दार बंद झालं, पाऊस कोसळू लागला. हेडमास्तरांनी पान उलटलं आणि सगळे प्राणी पुन्हा तारवात चढू लागले!

हेडमास्तर क्षणभर अडखळले. पण समोर नवेवाले टपून उभे! थांबणार कसे? एकदम साधी झालेली भाषा आपल्या घनगंभीर आवाजाखाली दडपून त्यांनी हत्ती-घोडे सगळे पुन्हा रेटून चढवले.

"जुन्यात प्राणी दोनदा चढतात?" नवेवाल्यांत कुजबुज झाली. "म्हणूनच ते एवढं जाड आहे!"

"चढणारच दोनदा!" जुनेवाल्यांतले एक आजोबा कडाडले. "पहिल्यांदा रंगीत तालीम नको?"

मग नर्सबाई पुढे आल्या. सोप्या, गोड भाषेत त्यांनी तारू बांधलं. डांबर फासलं. पान उलटलं. पाणी चढलं आणि तारू तरंगायला लागलं. रिकामंच! नोहा नाही, बायको नाही, पोरं नाहीत, साधी कोंबडीसुद्धा नाही! नर्सबाईंना घाम फुटला, पण त्याही हटल्या नाहीत.

"नव्यात सगळ्यांना बुडवलं!" आजोबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"नव्यात मुद्द्याचं तेवढंच ठेवतात!" एक नवीवाली तावातावाने म्हणाली.

मागच्या बाकावरून सुतारमामांनी शांतपणे विचारलं, "पण सगळेच बुडाले, तर आपण कुठून आलो?"

ते दोन ढीग आणि ते दोन डबे बाइंडरच्या डोळ्यांसमोर लख्ख उभे राहिले.

तेवढ्यात शिस्त मोडून ताईने आपलं बायबल उघडलं. त्याच क्षणी बायकोनेही उघडलं. दोघींची बोटं ओळींवरून धावली. मग बाइंडरच्या पोटावरून वाकून ताईने थेट बायकोलाच विचारलं, "काय गं, तुझ्यात चढतात का ते?"

"चढतात की, ताई! एकदाच. तुमच्यात?"

"एकदाच."

"नोहासुद्धा?"

"सगळ्या खटल्यासकट!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग सावकाश मधल्या माणसाकडे बघितलं.

"अहो!!"

"अरे!!"

पुढचं विचारू नका. सगळी मंडळी व्यासपीठाभोवती गोळा झाली. हेडमास्तर आणि नर्सबाई एका पुस्तकावर वाकून "हे पान तुमचं, ते आमचं" करत होते आणि हसता हसता हेडमास्तरांची कवळी सुटायची वेळ आली. मतदानाची आठवण पाळकसाहेबांना झाली, पण ती त्यांनी शहाणपणाने स्वतःजवळच ठेवली. ठराव एकच झाला, तोही एकमताने: बाइंडरने दोन्ही पुस्तकं पुन्हा उसवावीत आणि या वेळी दुकानाला आतून कडी लावावी.

घरी जाताना दोघी पुढे, हातात हात घालून. मागे दोन्ही मोठी बायबलं काखोटीला मारून घामाघूम झालेला बाइंडर.

"लहानपणापासून असाच आहे बघ हा."

"लग्नातसुद्धा बूट उलटे घातले होते, ताई!"

"मीच तर सरळ करायला लावले!" आणि दोघी रस्त्यातच थांबून, पोट धरून हसल्या. बाइंडरला इतकं बरं वाटलं, की त्याचे डोळेच भरून आले. मग काही त्याला राहवेना. धापा टाकत त्याने त्यांना गाठलं.

"बघितलंत? केली की नाही मी एकी?"

"गप्प बस तू!" ताई म्हणाली.

"तुम्ही गप्प बसा!" बायको म्हणाली.

भाषांतरं दोन होती, पण अर्थ त्याला दोन्हींतून सारखाच कळला. तो गप्प बसला.