वर्नाच्या बंदुकीचा पीळ

१९९६ साली मोंटानातल्या ड्राय फोर्क गावात एका बाईला रानमेंढा मारायची परवानगी मिळाली आणि तिच्या नवऱ्याने लगोलग तीन पुरुषांची समिती नेमली. यात नवल काही नाही. महत्त्वाचं काम एकट्याने केलं तर चुकतं आणि समितीने केलं तर लांबतं; आणि लांबलेलं काम चुकलं, असं कुणालाही सिद्ध करता येत नाही.

ही परवानगी सोडतीत निघते. गावातले पुरुष दर वर्षी स्वतःचा अर्ज भरत आणि सोबत बायकोच्या नावाचाही टाकत, कारण एका चिठ्ठीपेक्षा दोन बऱ्या. ऑरिन टॉलफसनने अशी वीसेक वर्षं वाट पाहिली. चिठ्ठी निघाली ती वर्नाच्या नावाची. ऑरिन शिडी लावून घराच्या छपरावर गेला, तिथे दोन दिवस डागडुजी केली (छप्पर गळत नव्हतं), आणि मग खाली उतरून त्याने बायकोचं अभिनंदन केलं.

परवानगी दुसऱ्याच्या नावावर करता येत नव्हती. हंगाम नोव्हेंबरअखेर संपणार होता, आणि डिसेंबरात वर्नाचा डावा गुडघा बदलायचा ठरला होता. ती लहान असताना बापाने तिला उत्तरेकडच्या कड्यावर नेऊन दुर्बिणीतून मेंढे दाखवले होते आणि मोठी झालीस की तुझा तू मार, असं म्हटलं होतं. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती, म्हणजे बऱ्यापैकी मोठी झाली होती. स्वतःचा गुडघा शाबूत आहे तोवर तिला त्या कड्यावर जायचं होतं. एवढीच तिची इच्छा होती, आणि ती समितीपुढे कधी आलीच नाही, कारण तो विषय समितीच्या कक्षेत बसत नव्हता.

समितीची कक्षा होती वर्नाला द्यायच्या ऑरिनच्या जुन्या बंदुकीची नळी आणि गोळी. बंदुकीच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. त्यांवरून गोळी गरगरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. दहा इंचांत एक फेरी, हा सैल पीळ. आठ इंचांत एक, हा घट्ट. हलकी गोळी सैल पिळावर भागवून घेते. जड गोळीला घट्ट पीळ लागतो, नाहीतर ती वाटेत कोलांट्या खाते. हे सहा वाक्यांत सांगता येतं. समितीला त्यासाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबर लागले.

बैठका दर गुरुवारी वर्नाच्या स्वयंपाकघरात होत. ऑरिन आठाचा होता. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला डेल ह्रुस्का दहाचा होता, कारण त्याचा बाप दहाचा होता. तिसरा लाइल ॲमुनड्रुड, शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणे की प्रश्न गोळीच्या वजनाचा नाहीच, लांबीचा आहे. हे बरोबर होतं, त्यामुळे कुणाला आवडत नसे.

वर्ना वाडग्यांत चिली, म्हणजे मांस-घेवड्याचा तिखट रस्सा, वाढी आणि दालचिनीचे गरम रोल मध्ये ठेवी. समितीच्या कामकाजाचे ढोबळ भाग पाडायचे तर निम्मं पिळावर, पाव वजनावर आणि उरलेलं रोलवर खर्च झालं. एकमत फक्त रोलवर झालं.

एका गुरुवारी वर्नाने विचारलं, "जवळ जाऊन मारला तर?"

तिघांनी चमचे खाली ठेवले.

"जवळ जाऊन काय, कुणीही मारेल," डेल समजुतीने म्हणाला.

"मग मीही मारीन."

"वर्ना, आम्ही तुझ्यासाठीच डोकं फोडतोय ना गं," ऑरिन म्हणाला. लाइलने तिला धीर यावा म्हणून एक रोल दिला. तिनेच केलेला.

अखेर आठाचा पीळ मंजूर झाला. घट्ट पीळ आला म्हणून जड गोळी आली. जड गोळी लांब निघाली (लाइल त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेला), इतकी लांब की ती बंदुकीच्या गोळ्यांच्या कप्प्यात मावेना. तेव्हा असं ठरलं की गोळी एकेक करून हाताने भरावी, आणि यामुळे नेमबाजाला शिस्त लागते. नवी नळी जड, म्हणून लाकडी दस्ता बदलला. दस्ता बदलला म्हणून बंदुकीवरची दुर्बीण नीट बसेना, म्हणून दुर्बीण बदलली. ऑरिनच्या जुन्या बंदुकीतला शेवटी चाप तेवढा जुना राहिला. तोवर नोव्हेंबर सरत आला होता, कड्यावर बर्फ पडलं होतं, आणि वर्ना पायऱ्या उतरताना कठडा धरू लागली होती.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी समिती तिला घेऊन निघाली. ती सगळ्यांत शेवटी चढली, पण चढली. वर पोचल्यावर तिने वळून खालचं खोरं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. दम लागला असेल, असं समितीचं मत पडलं.

समोरच्या उतारावर मेंढा होता. जाडजूड, वळलेल्या शिंगांचा, बर्फ उकरून गवत खात उभा. लाइलने अंतर काढलं: सातशे वार. तिघे बर्फात पालथे पडले. डेल म्हणाला वारा डावीकडून आहे. ऑरिनने बोट ओलं करून तो उजवीकडून असल्याचं सिद्ध केलं. लाइल हवेचा दाब मोजत होता.

वर्नाने बंदूक खांद्याला अडकवली. "मी जरा पुढे जाऊन येते," ती म्हणाली.

बाईमाणूस पुढे जाऊन येते म्हणाली की सभ्य माणसं मागे वळून पाहत नाहीत. तिघांनी माना फिरवल्या आणि वाऱ्याचा मुद्दा पुढे चालू ठेवला. ती घळीत उतरली, दगडादगडाला धरत, एकदा बसून घसरत. पलीकडे वर आली तेव्हा मेंढा इतका जवळ होता की त्याच्या दाढांचा आवाज येत होता. तिने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग गोळी हाताने भरली, शिस्तीत.

बार ऐकून समिती उठली. वारा त्या वेळी नेमका कुठून होता, ते अजून ठरायचं होतं.

त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांत बातमी पसरली की आठाच्या पिळावर, जड गोळीने, एका बाईने सातशे वारांवर मेंढा पाडला. यात खोटं काही नव्हतं. अंतर समिती बसली होती तिथून मोजलेलं होतं. वसंत येईपर्यंत बऱ्याच जणांनी नळ्या बदलून घेतल्या.

वर्नाचा गुडघा ठरल्याप्रमाणे बदलला आणि उत्तम चालला. त्या कड्यावर ती पुन्हा गेली नाही. एकदाच जायचं होतं, जाऊन झालं. डेल ॲरिझोनात मुलीकडे राहायला गेला आणि तिथल्या उष्ण हवेत दहाचाच पीळ कसा योग्य, हे नाताळच्या कार्डांवर कळवत राहिला. ऑरिनला काही वर्षांनी स्वतःच्या नावाची परवानगी मिळाली. समितीने ती हाती घेतली, आणि नळी जानेवारीत तयार झाली, तेव्हा हंगाम संपून महिना लोटला होता. लाइल गेला, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात एक गोळी ठेवायचं ठरलं. कोणती, यावर अंत्यविधी थोडा लांबला. शेवटी लांब ठेवली.

गुरुवारची बैठक अजून भरते. चिली असते, रोल असतात, डेल ॲरिझोनाहून फोनवर असतो, लाइलची खुर्ची रिकामी असते. इथवर वाचता वाचता आठ चांगला की दहा, याबद्दल तुमचंही मत झालंच असेल. बंदूक तुमच्याकडे नाही, मेंढा तुम्ही पाहिलेला नाही, आणि कडा चढायचा तुमचा मुळीच विचार नाही. समिती अशाच माणसाच्या शोधात आहे.