आक्षेप नाही!

"हे पुस्तक बाहेर पडू द्या चंद्रप्पा, दिल्लीत खुर्च्यांचे पाय लटपटतील!"

कल्याणराव हलगे यांनी हे वाक्य बोरीच्या पेठेत, चंद्रप्पाच्या कापडदुकानातल्या गादीवर मांडी घालून उच्चारलं, तेव्हा चंद्रप्पा गिऱ्हाइकासाठी मांजरपाट फाडत होता. हात असा काही दचकला की, सरळ जाणारं कापड तिरकं फाटलं.

कल्याणराव ज्या खात्यातून रिटायर झाले होते, त्या खात्याचं नाव त्यांनी गावाला कधीच सांगितलं नव्हतं. न सांगितल्यामुळेच ते जिंतुरापासून पेडगावापर्यंत सगळ्यांना पाठ होतं! गुप्त खातं! या माणसानं नोकरीभर कुणाकुणाच्या पाळतीवर काय काय पाहिलं असेल, या विचारानं लोक त्यांच्याशी बोलताना आपोआप आवाज खाली आणायचे.

"पण अप्पा," चंद्रप्पानं विचारलं, "तुमाला शपथ असती म्हणं ना? जबान बंद?"

"असती! रिटायर झाल्यावरबी असती, मरणापस्तोर असती! एक ओळ छापायची तरी आधी खात्याला दाखवायची. बिगर-परवानगी छापली तर पेन्शन बंद, आन् वर तुरुंग!"

"आन् दाखवल्यावर?"

"कापत्यात! तुमी मांजरपाट कापता तसं. माझ्या अंदाजानं निम्मं पुस्तक जाईल. निदान निम्मं!"

आपला जावई किती मोठा हुद्देदार आहे हे सांगावं, तशा थाटात ते 'निम्मं' म्हणाले.

परभणीचा छापखानेवाला दिनकरराव तर ही बातमी ऐकून मोटारसायकलवर बोरीला आला. "अप्पा, जेवढं कापतील तेवढ्या जागी आपण काळे पट्टे छापू. लोक पुस्तक घेत्यात ते काळं वाचायला! पांढरं कोण वाचतंय?"

आणि कल्याणराव लिहायला बसले. दार आतून बंद. चहा घेऊन बायको आली की कागद पालथे.

"अवो, मला एक अक्षर वाचता येत न्हाई," बसम्मा म्हणायची, "आन् माझ्यापासून काय लपवायलाव?"

"नियम म्हंजे नियम!"

बसम्माला हे नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून तिच्या संसारात एकच मंत्र होता. कुठं निघालाव? सांगता येत न्हाई. कवा येताव? सांगता येत न्हाई. पुढं पुढं त्यांना इतकी सवय लागली की, भाजी कशाची करू असं विचारलं तरी ते आधी दाराकडं बघायचे.

पुस्तक पुरं झालं, बाड बांधून परवानगीसाठी रवाना झालं. उन्हाळा लागला, तरी उत्तर नाही. कल्याणरावांना आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. "उशीर लागायलाय म्हंजे कापाकापी जोरात चालू हाय!"

आणि एका सकाळी पेठेत एस.टी.तून एक परका माणूस उतरला. काळा गॉगल, हातात रेक्झिनची फुगलेली बॅग. तो तडक चंद्रप्पाच्या दुकानात आला.

"हलगे कुठं राहतात हो? रिटायर्ड?"

चंद्रप्पानं नजर मांजरपाटात खुपसली. कारण हलगे त्याच्या शेजारीच गादीवर बसून पान चघळत होते!

"हलगे?" कल्याणरावांनी डोळ्याची पापणीही न हलवता विचारलं. नोकरीतलं सगळं कसब एका क्षणात अंगात आलं होतं. "ते चारठाण्याला ऱ्हायलेत की! तिथं जुनी देवळं हायत, गार असतं. देवळात बसून लिहित्यात. मी चंद्रप्पाचा मेव्हणा."

तो माणूस आभार मानून चारठाण्याच्या गाडीत चढला. गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत कल्याणराव उठून उभे राहिले.

"आले! जप्तीला आले! कदाचित अटकच हाय! थोडा येळ मिळवला, तयारी करा!"

गावात वणव्यासारखी बातमी पसरली. कल्याणरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, कपाळाला विभूती लावली, वळकटी बांधली. लोकांचा संताप तर विचारू नका! आमच्या गावच्या माणसाला न्यायला येतात म्हणजे काय? कुणी हार आणला. लिंबाजी नावाच्या शेतकऱ्यानं, जो एरवी स्वतःच्या बैलापुढंही उभा राहायला कचरायचा, त्यानं जाहीर केलं, "मी मोटारीपुढं आडवा पडतो! अंगावरून घाला म्हणावं!" आणि तो मोटार यायच्या आधीच, सवय व्हावी म्हणून, भर उन्हात फुफाट्यात आडवा पडला.

बसम्मा मात्र कोपऱ्यात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. पण मान ताठ होती. "मालक देशाच्या कामावर व्हते," ती शेजारणीला म्हणाली, "म्हणून हे दिवस बघायलोत."

दुपारी ऊन चढल्यावर चारठाण्याची गाडी परत आली. गॉगलवाला खाली उतरला. भट्टीतल्या विटेसारखा लाल! चारठाण्यातलं एकूणएक देऊळ त्यानं आतून-बाहेरून पाहिलं होतं, आणि एकाही देवळात हलगे नव्हते. समोर पाहतो तो काय, सकाळचा मेव्हणा गळ्यात हार घालून उभा!

"हलगे अप्पा झिंदाबाद!"

"हे हलगे?" तो माणूस किंचाळला. "सकाळी तर हे मेव्हणे होते!"

"नेताव तर न्या!" कल्याणराव दोन्ही हात पुढं करून म्हणाले. "पण सत्य मरत न्हाई!"

"अहो न्यायचं कुणाला? मी कचेरीतला कारकून आहे. तुमचं बाड परत द्यायला आलोय, सही घ्यायला!" त्यानं बॅगेतून बाड काढलं आणि त्यावरचा कागद, रागाच्या भरात, सगळ्या गावापुढं मोठ्यानं वाचला. "सदर हस्तलिखितात गोपनीय असे काहीही आढळून आले नाही. छापण्यास या कार्यालयाचा आक्षेप नाही!"

लिंबाजीचा आवाज जमिनीवरून आला. "म्हंजे?"

चंद्रप्पानं घसा साफ केला. "म्हंजे... कापण्यासारखं काई सापडलंच न्हाई."

"मग मी सकाळपसून फुफाट्यात उगंच लोळलो का?" लिंबाजी ताडकन उठला. आता तो सरकारवर नव्हे, कल्याणरावांवर चिडला होता. "आरं, एक तरी गुपित ठेवायचं हुतं की माणसाच्या इज्जतीपुरतं!"

लोक पांगले. हार आणणाऱ्यानं हार परत मागितला. दिनकररावचा निरोप आला की काळे पट्टे नसतील तर छापखान्याला सध्या लग्नपत्रिकांचं काम लय आहे.

त्या दिवशी कल्याणराव जेवले नाहीत. अपमान! सारा जन्म तोंड शिवून काढला, आणि खातं म्हणतं, काही आढळलं नाही? दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते परभणीला गेले आणि त्या खात्याच्या, पाटी नसलेल्या, दोन खोल्यांच्या कचेरीत थेट साहेबापुढं जाऊन उभे राहिले. साहेब वयानं त्यांच्या मुलासारखा.

"साहेब, ही बेइज्जती हाय! एक तरी ओळ कापा!"

"बसा, हलगे. मी तुमचं पुस्तक दोनदा वाचलं. काय कापू, सांगा. चौथं प्रकरण. ज्या माणसाचा तुम्ही गल्लोगल्ली पाठलाग केलात, तो बांगड्या विकणारा निघाला."

"पण तो संशयास्पद चालत व्हता!"

"त्याच्या डोक्यावर बांगड्यांची पेटी होती! सातवं प्रकरण. गुप्त बैठक. त्या बैठकीची पत्रकं गावातल्या सगळ्या भिंतींना चिकटवलेली होती, हे तुम्हीच लिहिलंय."

"मग ते भिंतीवरचं तरी कापा!"

साहेब हसला. मग उठून त्यानं दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"नववं प्रकरण," तो हळू आवाजात म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर सालचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्यानंतरचे दिवस. तुम्ही लिहिलंय, एका गावावर लक्ष ठेवायला दिवसभर स्टँडवरच्या हॉटेलात बसलो, भजी खाल्ली, काही घडलं नाही."

"हां. काई घडलं न्हाई."

"हलगे, त्या दिवशी बंद होता. पानाची टपरीसुद्धा उघडी नव्हती. भजी कुणी तळली?"

कल्याणरावांनी धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाले, "मागच्या दारानं चालू व्हतं."

साहेबानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "खरी गुपितं तुम्ही लिहिलीच नाहीत. लिहिली असती, तर मी पानंच्या पानं काढली असती. शपथ पाळणाऱ्याच्या पुस्तकात कापायला काही राहत नाही, त्याला मी काय करू?" आणि त्यानं स्वतः उठून त्यांच्यासाठी चहा सांगितला. "नवव्या प्रकरणालाही आक्षेप नाही."

परतीच्या गाडीत कल्याणराव खिडकीशी बसले होते. छाती जरा रुंद झाली होती. अठ्ठ्याहत्तरच्या त्या दिवशी ते कुठल्याही हॉटेलात नव्हते. एका गावात दलित वस्तीवर चालून जायचा बेत शिजला होता. ज्या घरात तो शिजला, त्याच घरातल्या एका बाईनं माहेरी निघाल्याचा बहाणा केला, वाटेत कल्याणरावांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. फोनच्या तारा तोडलेल्या. कल्याणराव सायकल हाणत, चिखल तुडवत ठाण्यापर्यंत गेले. पोलिसांची गाडी वस्तीवर पोचली तेव्हा कुऱ्हाडी आणि रॉकेलचे डबे घेतलेली माणसं वस्तीच्या तोंडाशी आली होती. गाडी बघून मागं फिरली. काही घडलं नाही. ती बाई अजून त्याच घरात नांदत होती. तिचं नाव कल्याणरावांनी खात्यालासुद्धा कधी कळवलं नव्हतं.

घरी पोचले तो अंगणात गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. मध्ये चंद्रप्पाची मॅट्रिक झालेली सून सत्यशीला, आणि तिच्या मांडीवर बाड!

"हे काय चाललंय?" कल्याणराव ओरडले.

"सरकारला आक्षेप न्हाई म्हणल्यावर म्या म्हणलं, आपुनबी ऐकावं," बसम्मा उभी राहत म्हणाली. आवाज थंड होता, आणि तो थंड आवाज कल्याणरावांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. "नववं झालं आत्ताच. अठ्ठ्याहत्तरचा श्रावण. ध्यानात हाय का? माझा बाप गेला तवा."

कल्याणराव पायातल्या वहाणा काढायला वाकले.

"तार केली. माणूस धाडला. तुमी आलाव न्हाईत. थोरला जावई मातीला न्हाई म्हणून भाऊबंदांनी मला काय काय ऐकवलं! म्या सगळ्यांला सांगितलं, मालक देशाच्या कामावर हायत, त्यांला येता येत न्हाई. धा वर्सं तेच सांगत आले मी! छाती पुढं काढून सांगत आले! सत्यशीला, वाच गं परत!"

सत्यशीलानं बिचारीनं मान खाली घालून वाचलं. "गरमागरम भजी खात खात मी ती दुपार मोठ्या मजेत काढली."

बायांनी एकदम तोंडाला पदर लावले.

"माझ्या बापाला रीतीपरमानं मिठासंगं मातीत ठेवायलेत," बसम्मा कडाडली, "आन् तुमी मजेत भजी खायलाव! सरकारला आक्षेप नसंल. मला हाय! मला लय आक्षेप हाय!"

कल्याणरावांनी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. सायकल, चिखल, तो वस्तीचा रस्ता. एका वाक्यात सगळा संसार सावरता आला असता. तेवढ्यात त्यांची नजर दुसऱ्या रांगेत बसलेल्या बायनाबाईवर गेली. तिची सख्खी बहीण त्या बेत शिजलेल्या गावातच दिली होती. बायनाबाईच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या गाडीनं बहिणीकडं पोचायची, आणि मग त्या घरात त्या बाईचं काय झालं असतं?

त्यांनी तोंड मिटलं.

"खाल्ली," ते म्हणाले. "चुकलं माझं."

निदान नाही म्हणतील, निदान भांडतील, असं बसम्माला वाटलं असावं. कबूल करतील असं वाटलं नव्हतं. तिचा राग आणखीच चढला.

"कशाची व्हती?"

"काय?"

"भजी! कशाची व्हती?"

नोकरीभर खोटं बोलायचा पगार घेतलेला माणूस क्षणभर अडखळला.

"कांद्याची," ते म्हणाले. आणि एवढ्यानं भागणार नाही असं वाटून, खाली मान घालून, हळूच पुढं जोडलं, "तेल जरा जळकं व्हतं."